अष्टमानातला शेवटचा अंक

मित्रहो, फळ्यावर १७२९ ही संख्या लिहिली आहे. तिला आठाने भागत जाऊ आणि बाक्या बाजूला मांडू. पहिला भागाकार २१६, बाकी १. मग २७, बाकी ०. मग ३, बाकी ३. आणि शेवटी उरलेले ३. खालून वर वाचा: ३३०१. ही झाली १७२९ अष्टमानात, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायावर लिहिलेली. वाचताना मात्र अंक सुटेसुटे वाचायचे, तीन-तीन-शून्य-एक; ‘तीन हजार तीनशे एक’ म्हटलं की दशमान डोक्यात शिरतं.

आता या अंकांची बेरीज करा. सात! म्हणजे १७२९ ला ७ ने निःशेष भाग जातो. दशमानात ९ ची कसोटी जशी चालते, तशीच इथे ७ ची, कारण ८, ६४, ५१२ या प्रत्येकाला ७ ने भागलं की बाकी १ च उरते. दशमानात सातासाठी इतकी सोपी कसोटी नाही. तेराचंही बघू. ६४ मध्ये एक मिळवला की ६५, म्हणजे ५ गुणिले १३. म्हणून उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या आणि आलटून-पालटून वजा-अधिक करायच्या. इथे ०१ आणि ३३. अष्टमानातले ३३ म्हणजे आपले २७. त्यातून १ गेला, २६ राहिले. तेराचा भाग जातो, पाचाचा जात नाही.

संगणकात अष्टमान आलं ते एका अंकात तीन द्विमान अंक (० किंवा १) नेमके मावतात म्हणून. ते तुम्हाला ठाऊक असेल, त्यावर थांबत नाही.

मला खरी ओढ आहे ती शेवटच्या अंकाची. विषम संख्यांचे वर्ग अष्टमानात लिहू: १, ११, ३१, ६१, १२१, १७१. सगळ्यांच्या शेवटी १! तो पुसून टाका. उरतात ०, १, ३, ६, १२, १७, म्हणजेच दशमानातल्या ०, १, ३, ६, १०, १५. या त्रिकोणी संख्या आहेत, म्हणजे १, १+२, १+२+३ अशा बेरजांच्या, ओळीने आणि एकही न गाळता. कारण साधं आहे. २न+१ चा वर्ग म्हणजे ४न(न+१)+१. लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच, म्हणून न(न+१) च्या निम्म्याला आठाने गुणून एक मिळवला की हाच वर्ग येतो. आणि आठाने गुणणं म्हणजे अष्टमानात शेवटी शून्य लावणं. इतकी सुंदर गोष्ट दशमानात झाकलेली राहते, याची मला नेहमी हळहळ वाटते.

सम संख्येच्या वर्गाच्या शेवटी ० किंवा ४ येतो. म्हणजे कुठल्याही वर्गाचा शेवट ०, १ किंवा ४. आता यांतले कोणतेही तीन घेऊन बेरीज करा, एकच अंक पुन्हा घेतला तरी चालेल, हवं तर घरी सगळे पर्याय तपासा. शेवटी ७ कधीच येत नाही. म्हणून ७, १५, २३, ३१, म्हणजे अष्टमानातल्या ७, १७, २७, ३७, या संख्या तीन वर्गांच्या बेरजेत बसत नाहीत. चौथा वर्ग लागतोच: १५ म्हणजे ९+४+१+१.

पण २८ बघा. अष्टमानात ३४, शेवटी ७ नाही, तरीही ती तीन वर्गांत बसत नाही. तीन वर्गांची बेरीज चाराच्या पटीत असेल तर तिन्ही वर्ग समच असावे लागतात. मग सगळ्याला चाराने भागलं की आपण ७ वर येऊन अडतो. अपवाद एवढेच: चाराने भाग जाईल तोवर भागल्यावर अष्टमानात शेवटचा अंक ७ येतो अशा संख्या. बाकी प्रत्येक संख्या तीन वर्गांत बसते. हा उलटा भाग मात्र फार अवघड. तो लजांद्र आणि १८०१ मध्ये गाउस या गणितज्ञांनी हाताळला.