‘बोलाले लागना का उभा राही जास’

(भुसावळमध्ये पालक आणि शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

यावल तालुक्यातली एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आली होती. पोरगा आठ वर्षांचा, रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू. तिची तक्रार मी तिच्याच शब्दांत सांगतो : “डॉक्टर, पोर्‍या चालस चांगला. पन बोलाले लागना का उभा राही जास.” मी फिजिओथेरपीत पंचवीस वर्षं काढली, पण या दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या रिपोर्टात वाचलेलं नाही.

मी त्याला पॅसेजमध्ये चालायला लावलं. सरळ गेला, सरळ आला. मग हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला आणि म्हटलं, साताचा पाढा म्हणत ये. ‘सात त्रिक एकवीस’पर्यंत पावलं पडली. ‘सात चोक’ला पाय थांबले. मान खाली, डोळे पायाच्या बोटांवर. “अठ्ठावीस” म्हणाला आणि मगच पुढचं पाऊल उचललं. शर्ट ओला झाला होता तो वेगळाच.

हे का होतं, ते समजून घ्या. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया, हाच तो रक्ताचा कॅन्सर. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. त्यातलं एक महत्त्वाचं औषध व्हिन्क्रिस्टीन. तुमच्या अंगणात सदाफुली आहे ना? हे औषध तिच्यातूनच मिळालं, आणि 1963 पासून ते वापरात आहे. हे औषध सोडून चालत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर घरी जाऊन कुणी ‘सर नको म्हणाले’ असं सांगायचं. पण त्याने हातापायांच्या नसा दुखावतात. पाऊल वर उचललं जात नाही, फटफट आपटतं. पायातली चप्पल निसटते आणि पोराला पत्ताच नसतो. टाचांवर चाल म्हटलं तर जमत नाही. याच उपचारातल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांची ताकद कमी होते, म्हणून खाली बसलेलं मूल गुडघ्यावर हात टेकून उठतं.

तुम्ही-आम्ही चालताना पायाकडे बघत नाही. जमीन कशी आहे, हे तळवा आतल्या आत कळवत असतो, त्यामुळे डोकं मोकळं राहतं. या मुलाचा तळवा नीट खबर देत नाही. मग ते काम डोळ्यांनी आणि डोक्याने करायचं. त्यातच तुम्ही पाढा विचारला, की डोक्यापुढे दोन कामं उभी राहतात. शिवाय मणक्यातून दिलेल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने काही मुलांचं लक्ष टिकण्यात आणि विचाराच्या वेगात फरक पडतो. म्हणजे ओढाताण खालूनही आणि वरूनही. लहान मेंदू, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, त्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या मुलांचा तर तोलच मुळात कच्चा असतो.

आता शिक्षकांसाठी. शाळा म्हणजे दिवसभर दोन-दोन कामं. पाठीवर दप्तर, हातात खिचडीची ताटली, मागून मित्राची हाक. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका मुलीला कवायतीच्या तासाला ‘आळशी’ म्हणून वेगळं उभं केलं होतं. कारण काय, तर शिट्टी ऐकायची, आकडे मोजायचे आणि पाय उचलायचे, हे तिला एकदम जमेना. आळस नव्हता हो तो. मला त्या सरांचा राग आला होता, पण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तपासणी सोपी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. घड्याळ लावा. मग हेच सगळं, आकडे उलटे म्हणत, करायला सांगा. फक्त बसून आकडे म्हणणं वेगळं तपासा, म्हणजे गणितच कच्चं आहे की काय, ते कळतं. काही मुलं हळू होतात पण उत्तरं बरोबर देतात. काही झपझप चालतात आणि आकडे चुकवतात. दोन्हींची नोंद करा. अगदी लहान निरोगी मुलंही बोलताना थांबतात, म्हणून तुलना त्याच वयाच्या मुलाशी करायची.

सराव सुद्धा असाच द्यायचा : आधी नुसतं चालणं, मग हातात रिकामा तांब्या, मग भरलेला, मग तांब्या आणि गप्पा. अंगठ्याच्या चपला बंद, मागे पट्टा असलेली सँडल घाला. ताप असेल त्या दिवशी सराव नाही, थेट दवाखाना गाठायचा. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील तर उड्या नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा. औषध थांबल्यावर बहुतेक मुलांच्या नसा महिन्यामहिन्याने सुधारतात, काहींच्या पायात मात्र थोडं उरतं. मुंबईला टाटाला फॉलोअपला जाल, तेव्हा ‘चालतो ना?’ एवढ्यावर ‘हो’ म्हणून उठू नका. आजीने मला सांगितलं तसं सांगा.

बरं, ती खुर्ची जरा मधे घ्या. तीन मीटरवर खडूने रेघ मारा. शिक्षकांपैकी कोण येतंय? शंभरातून सात-सात वजा करत चालायचं आहे. थांबलात तर पोरं मोजणार आहेत.