गळा दोन तुकड्यांत नको

मंडळी, स्वतः स्पीकर बांधायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा "किती इंची घेऊ?" असाच असतो. त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: एकच वाइड-रेंज ड्रायव्हर, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे जवळपास सगळे सूर एकट्याने वाजवणारा स्पीकरमधला भाग, हवा तो कशासाठी?

नेहमीच्या टू-वे स्पीकरमध्ये खालचे सूर वूफर वाजवतो, वरचे ट्वीटर. एकाकडून दुसऱ्याकडे काम जातं तो सांधा, म्हणजे क्रॉसओव्हर, साधारण २ ते ३ किलोहर्ट्झला पडतो. आपला कान सर्वांत तिखट असतो २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे सांधा नेमका तिथे, जिथे तो चटकन कळतो. मूळ स्वर वूफरमधून, 'स'-'च'ची धार ट्वीटरमधून. निष्णात डिझायनर हा सांधा लपवतात, पण ते काम अवघड आहे. वाइड-रेंजमध्ये तो सांधाच नाही. ख्याल ऐकताना गळा एका जागी उभा राहतो, मागे तानपुऱ्याची जवारी अखंड राहते. यासाठीच तो घ्यायचा आणि बाकीच्या तडजोडी हे जपण्यासाठी करायच्या.

आता आकार. कोन, म्हणजे ड्रायव्हरचा पुढेमागे हलणारा पडदा, जितका मोठा तितका वरचा आवाज अरुंद झोतात जातो. ४ इंची ड्रायव्हरचा हलणारा भाग सुमारे ८ सेंटिमीटर असतो. ध्वनीची तरंगलांबी तेवढी होते ४.३ किलोहर्ट्झला. तिथून वर झोत झपाट्याने आक्रसतो. ८ इंचीत हेच २ किलोहर्ट्झच्या आसपास होतं. मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा व्हिझर कोन बसवून वरचा आवाज वाढवतात, पण ग्राफमध्ये अनेकदा उंचवटे येतात आणि ते कानाला टोचतात. घरासाठी मी ३ ते ५ इंचीच सुचवेन. डेटाशीटमधल्या आलेखात बरोबर समोरून मोजलेल्या आवाजाची रेषा सगळेच बघतात. तुम्ही ३० अंश बाजूने मोजलेली रेषा आधी बघा, कारण घरातली सगळी मंडळी काही बरोबर समोर बसत नाहीत.

सर्वांत जास्त निराशा होते ती बॅफल स्टेपमुळे. वरचे सूर पेटीच्या पुढच्या फळीमुळे समोरच फेकले जातात. खालचे सूर पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. समोर बसणाऱ्याला खालचा भाग ६ डेसिबलपर्यंत कमी मिळतो. ११५ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा: २० सेंटिमीटरच्या फळीला हा बदल ५७५ हर्ट्झच्या आसपास येतो. मग लोक म्हणतात, ड्रायव्हर पातळ, कर्कश आहे. ८ ओहमच्या ड्रायव्हरसाठी सुमारे १ मिलीहेन्रीची कॉइल आणि ४ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडा आणि ही जोडी ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये घाला. वरचा भाग साडेतीन डेसिबल खाली येतो. स्पीकर भिंतीजवळ असेल तर तेवढं पुरतं. "अँप्लिफायर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये काहीच नको" हा हट्ट मला पटत नाही. त्यात गाण्याचंच नुकसान होतं.

पेटीचा निर्णय डेटाशीटमधल्या क्यूटीएस (Qts) या आकड्यावरून सुरू करा; ड्रायव्हरची स्वतःची थरथर किती लवकर शमते ते तो सांगतो. ०.४च्या खाली असेल तर पोर्ट, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेली पेटी, ०.४ ते ०.७ असेल तर बंद पेटी. नागपूरच्या लकडगंजातून १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्या. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, उघड्या कडा पावसाळ्यात फुगतात. आणि एक खास नागपूरकरांसाठी: मे महिन्यात कूलर चालू ठेवून आवाज जुळवू नका. त्या घरघरीत खालचे सूर बुडतात, आपण ते वाढवत जातो आणि कूलर बंद झाला की स्पीकर नुसता घुमतो.

राहिला डग्गा. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. त्याच कोनावर गळाही असतो, म्हणून डग्गा जोरात आला की गळा गढूळ होतो. अशा वेळी खालचं काम वूफरला द्या. फळी ३० सेंटिमीटर रुंद केली तर बॅफल स्टेप ३८० हर्ट्झच्या आसपास उतरते. क्रॉसओव्हरही ३५० हर्ट्झला ठेवा. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर याच्या खाली जातो खरा, पण कानाच्या तिखट पट्ट्यापासून सांधा लांब राहतो. तिथे तरंगलांबी जवळपास १ मीटर असते, म्हणून दोन्ही ड्रायव्हरांची केंद्रं २५ सेंटिमीटरच्या आत ठेवली की आवाज एकाच जागेहून येतो. वूफरला वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याची पातळी वाढवूनच बॅफल स्टेपची भरपाई होते. मघाची कॉइल आणि रेझिस्टर मग काढून टाका.