एडिटला बसणाऱ्यासाठी शूट करा : व्हिडिओ प्रोडक्शनच्या वर्गाने मला काय दिलं

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. मी इथे बडोद्यात कॉलेजात व्हिडिओ प्रोडक्शन शिकते.

"व्हिडिओ बनवायला कॉलेजात कशाला जायचं? हातात मोबाइल आहे, शिकवणारे व्हिडिओ फुकट आहेत." दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंपासून ते इंजिनिअरिंगला असलेल्या मामेभावापर्यंत सगळे मला हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. बारावीनंतर काय करायचं या विचारात असलेली बरीच मुलं-मुली हा चॅनल बघतात, म्हणून आज त्याचं नीट उत्तर देते.

कॅमेरा चालवायला घरी शिकता येतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअरही घरी शिकता येतं. वर्गात आम्हाला एक गोष्ट सक्तीने करायला लावली आणि ती मी घरी कधीच केली नसती. एका गटाने शूट केलेलं फुटेज दुसऱ्या गटाने एडिट करायचं. मधे बोलणं बंद. ज्यांनी शूट केलं त्यांनी हार्ड डिस्क आणि लॉगशीट, म्हणजे कोणता शॉट कुठे आहे याची यादी, द्यायची आणि गप्प बसायचं.

आपण स्वतः शूट करून स्वतःच एडिट करतो तेव्हा डोक्यात सगळं असतं. ती गल्ली कुठली, ते आजोबा कोणाकडे बघून हसले, हे आपल्याला माहीत असतं. एडिटच्या टेबलावर बसलेल्या परक्या माणसाला फक्त तेवढंच माहीत, जेवढं कार्डवर आलंय. व्हिडिओ बघणाऱ्याचंही तेच असतं. म्हणून एडिट करणारा हा तुमचा पहिला प्रेक्षक. शूटिंगचे जे नियम आम्हाला शिकवले, त्यांतले बहुतेक त्याच्या सोयीसाठी जन्माला आलेत.

[पडद्यावर: मूर्तिकाराच्या कारखान्यातली दृश्यं]

आमच्या गटाचा विषय होता शाडूच्या गणपतीचा मूर्तिकार. बडोद्यात गणेशोत्सव किती मोठा असतो हे इथल्यांना सांगायला नको. गायकवाडांच्या काळापासून मराठी घरं इथे आहेत आणि आता गर्दीत गुजराती मंडळीही असतात. मूर्तिकार काका मराठी. आमच्याशी मराठीत बोलणार, गिऱ्हाईक आलं की गुजराती, आणि रंगकाम करणाऱ्या मुलांशी हिंदी. एकाच उत्तरात तिन्ही.

मुलाखतीचा पहिला धडा मला इथे कळला. तुम्ही विचारता, "काका, हे काम कधीपासून करता?" आणि ते म्हणतात, "वडिलांपासून." उत्तर बरोबर आहे, पण एडिटमध्ये तुमचा प्रश्न कापला जाणार, आणि मग पडद्यावर एक माणूस नुसतं "वडिलांपासून" म्हणताना दिसणार. म्हणून आधीच प्रेमाने सांगायचं, "काका, प्रश्न उत्तरात घेऊन बोला हं." मग ते म्हणतात, "मूर्तीचं काम मी वडिलांच्या हाताखाली शिकलो." हे वाक्य कुठेही ठेवा, एकटं उभं राहतं.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेतच आहे आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ती सापडणार नाही. मराठी वाक्याचा फैसला शेवटी होतो. "मी प्लास्टरची मूर्ती गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी विकत..." इथपर्यंत ऐकून कट मारला तर काका विकतात की नाही, कोणाला ठाऊक? म्हणून माणसाचं बोलणं संपलं की लगेच "वा, छान" म्हणायचं नाही. मनात दोन-तीन आकडे मोजायचे. त्या शांततेत एडिट करणाऱ्याला कट मारायला जागा मिळते, आणि पुष्कळदा माणूस त्याच शांततेत आपणहून आणखी एक वाक्य बोलतो. आमच्या फिल्ममधलं सगळ्यात चांगलं वाक्य तसंच आलंय.

शॉट घेतानाही हाच हिशेब. क्रिया सुरू व्हायच्या आधी पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू, संपल्यावर पाच सेकंद तसंच. वर्गात याला हँडल म्हणतात. एक शॉट दुसऱ्यात विरघळवायचा असेल तर दोन्हीकडे जादा फ्रेम लागतात, आणि त्या नंतर कुठूनही आणता येत नाहीत.

[कॅमेऱ्याकडे]

आता आवाज. ऑगस्टमधला बडोद्याचा उकाडा, पत्र्याचं छप्पर आणि डोक्यावर घरघरणारा पंखा. पुस्तकात लिहिलंय की पंखा बंद करा. बंद केला तर काका घामाघूम होणार आणि उत्तरं उरकणार. आमच्या मॅडमनी विचारायला शिकवलं : नुसता आवाज नको आहे, की मधेच बदलणारा आवाज नको आहे? पंखा पूर्ण मुलाखतभर एकाच वेगात चालू राहिला तर कटवर तो खटकत नाही. अर्ध्या उत्तरांत पंखा आणि अर्ध्यांत शांतता असली तर प्रत्येक कट कानाला टोचतो.

म्हणून पंखा चालू ठेवायचा आणि माइक जवळ न्यायचा. लेपल माइक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो आणि पंखा मात्र तेवढाच राहतो. मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवायची, म्हणजे काका अचानक मोठ्याने हसले तरी आवाज फाटत नाही. आणि निघण्याआधी सगळ्यांना गप्प करून अर्धा-एक मिनिट नुसती ती खोली रेकॉर्ड करायची. तो रूम टोन. एखाद्या उत्तरातून खोकला किंवा स्कूटरचा हॉर्न काढला की तिथे भोक पडतं. ते त्याच खोलीच्या आवाजाने बुजवायचं असतं. संपूर्ण शांतता टाकली तर बघणाऱ्याला वाटतं मोबाइल बंद पडला.

हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र थांबून सांगते, कारण फुकट व्हिडिओंवर शिकणारे इथेच अडकतात. ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रात पट्टे सरकतात किंवा उजेड लुकलुकतो. ऑनलाइन बघाल तर खूप जण सांगतात की शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडू द्यायचा वेळ, एक साठांश सेकंद ठेवा आणि सेकंदाला ३० फ्रेम ठेवा. ते अमेरिकेत ठीक, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात दिवा दोनदा उजळतो, म्हणून आपला दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर एक पन्नासांश ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन उजळण्या मावतात, एक शतांश ठेवलं तर एक. प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. म्हणून २५ फ्रेम आणि एक पन्नासांश. काही एलईडी दिवे याला जुमानत नाहीत, तेव्हा आधी चाचणी घ्या. हे शूटच्या वेळी साधलं नाही तर टेबलावर निस्तरणं फार कठीण जातं.

[पडद्यावर: मूर्तीचे डोळे रेखणारा हात]

आता या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग.

मूर्तीचे डोळे शेवटी रेखतात. कुंचला एकदा टेकला की टेकला, तिथे दुसरा टेक नाही. आमच्याकडे कॅमेरा एकच. जवळून घेतलं तर काकांचा चेहरा, त्यांनी रोखलेला श्वास दिसणार नाही. लांबून घेतलं तर बुबुळावर ठेवलेला पांढरा ठिपका दिसणार नाही. मग काय करायचं? कारखान्यात एकाच साच्याच्या, एकाच रंगाच्या पितांबराच्या मूर्ती ओळीने होत्या. एका मूर्तीचे डोळे आम्ही लांबून घेतले, पुढचीचे खांद्यामागून, तिच्या पुढचीचे अगदी जवळून. हात तोच, कुंचला तोच, उजेड खिडकीतून येणारा तोच. आम्ही लॉगशीटवर लिहून दिलं की कुंचला उजव्या डोळ्यावर टेकतो त्या क्षणाला कट मिळेल. एडिट करणाऱ्या गटाने बरोबर तिथेच जोडलं. हालचालीवर कट पडला की डोळा हालचालीच्या मागे जातो आणि सांधा जाणवत नाही.

यावरून वर्गात मोठा वाद झाला. तीन मूर्ती एक म्हणून दाखवणं ही लबाडी आहे का? माहितीपटात हे चालतं का? माझं मत ठाम आहे. आम्ही काम दाखवत होतो आणि काम तसंच होतं, त्यामुळे हे चालतं. काकांना कोरडा कुंचला हातात देऊन "डोळे रेखल्याचं करून दाखवा" म्हणणं मला चाललं नसतं. आणि त्यांनी एका प्रश्नाला दिलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवणं तर मुळीच चालत नाही. एडिट करणाऱ्याच्या हातात ही ताकद असते हे मला दुसऱ्याचं फुटेज कापताना समजलं. त्या फुटेजमधल्या शेव-उसळवाल्या मावशींना मी कधी भेटले नव्हते. त्यांनी काय म्हटलं आणि त्यांना काय म्हणायचं होतं, हे जपायची जबाबदारी अचानक माझी झाली. त्यांच्या नवऱ्याबद्दलचं एक वाक्य होतं, ऐकायला चटकदार. मी ते ठेवलं नाही. त्या गाडीवर रोज तीच गिऱ्हाइकं येतात, त्यांनी ते ऐकावं असं मावशींच्या आवाजावरून वाटत नव्हतं.

[कॅमेऱ्याकडे]

मावशी आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे. दोघांच्या मधे एक रेघ आहे असं समजायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की दोघंही पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतात आणि कोण कोणाशी बोलतंय कळत नाही. त्या गटाने रेघ पाळली होती, शिवाय तव्याचे, वाटीचे, तर्रीवर भुरभुरणाऱ्या शेवेचे भरपूर कटअवे, म्हणजे मधे टाकायला घेतलेले आजूबाजूच्या गोष्टींचे शॉट, दिले होते. मावशींचं बोलणं मी जिथे जिथे लहान केलं तिथे तिथे ती शेव कामाला आली. मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले.

बडोद्यात राहून हे शिकताना एका माणसाची आठवण येणारच. दादासाहेब फाळके तरुणपणी इथे कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी काढलेलं, प्राध्यापक गज्जरांनी उभं केलेलं ते कलाभवन. आज त्या वास्तूत इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे आणि राजमहाल रोडवरून जाताना ती दिसते. चित्रकला आणि फोटोग्राफी फाळक्यांनी इथे हाताखालून घातली. १९१२ साली त्यांनी भांडवल मिळवण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली. ती आधी डोक्यात एडिट झालेली असल्याशिवाय होऊच शकत नाही, कारण दिवसांमागून दिवस थोडं थोडं टिपायचं आणि बघणाऱ्याला ते सलग दिसायला हवं.

आणि त्यांच्याइतक्याच अगत्याने मी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव घेते. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं हे त्यांनी केलं, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. वर्गात कॅमेऱ्यासाठी रांग लागते आणि लॉगशीट लिहायला कोणी पुढे येत नाही, तेव्हा मला त्यांची आठवण होते. लॉगशीट मी आवडीने लिहिते. शॉट क्रमांक, टेक, कितव्या मिनिटाला काय, आवाज कसा. तासाभराच्या फुटेजमध्ये हवं ते वाक्य कुठे आहे हे दहा सेकंदांत सापडतं.

साठवणीचं पटकन सांगते. १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

तर काकू, मामेभाऊ आणि बारावीची मंडळी, माझं उत्तर हे. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजात जाऊन एवढंच विचारा की तिथे विद्यार्थी एकमेकांचं फुटेज एडिट करतात का. महागडे कॅमेरे किती आहेत हे दुसऱ्या क्रमांकावर विचारा. फी परवडत नसेल, किंवा जवळ असा अभ्यासक्रम नसेल, तरी हा सराव दोन मैत्रिणींत होतो. दोघींनी मोबाइलवर एकाच कामाचं शूट करायचं. कोणी कुरड्या घालत असेल, कोणी सायकलचं पंक्चर काढत असेल. मुलाखत एक, कटअवे भरपूर, रूम टोन, आणि कागदावर लॉगशीट. मग फुटेज अदलाबदल करायचं आणि तीन मिनिटांची फिल्म कापायची. मधे फोन करून "हा शॉट कशासाठी घेतलास?" असं विचारायचं नाही. दोन्ही फिल्म पूर्ण झाल्या की शेजारी बसून बघायच्या, आणि ज्या शॉटपाशी मैत्रिणीने तुमची उणीव झाकायला कटअवे टाकलाय तिथे थांबवून तिला विचारायचं, "इथे तुला काय हवं होतं?"