‘आजोबा कधी येणार?’

(दृश्य: फरशीवर लाकडी ठोकळे. चार वर्षांचे हात मनोरा रचताहेत.)

“आजोबा गेले,” आई सांगते. मूल मान वर न करता विचारतं, “कुठे? कधी येणार?” आणि मनोरा पाडून पुन्हा रचायला घेतं.

बघणाऱ्याला वाटतं, याला काही वाटलंच नाही. खरी गडबड ‘गेले’ या शब्दात आहे. बाबा कामाला जातात, ताई शाळेत जाते आणि संध्याकाळी दोघंही परत येतात.

मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हंगेरीतल्या 3 ते 10 वर्षांच्या मुलांच्या मनातल्या मृत्यूविषयीच्या कल्पना नोंदवल्या. पाचच्या आतल्या मुलांच्या लेखी मेलेला माणूस दुसरीकडे राहत होता किंवा झोपल्यासारखा पडून होता. मेलेलं परत येत नाही, शरीराचं काम थांबतं आणि हे प्रत्येक जिवाला आहे, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण 5 ते 7 या वयात उमगतात. तोवर सगळी भिस्त मोठ्यांच्या शब्दांवर.

(दृश्य: आई ठोकळ्यांजवळ खाली बसते.)

बातमी रोज सांभाळणाऱ्या माणसानंच सांगावी, तीही कुजबुजीतून कानावर पडण्याआधी. टीव्ही बंद करून, मुलाच्या उंचीला बसून. ‘मेले’ म्हणायला आपली जीभ अडखळते. मग ‘वारले’ म्हणा, पण अर्थ तिथेच सांगा: “आजोबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते चालू झालं नाही. आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. ते परत येणार नाहीत.” एवढं बोलून थांबा. पुढचा प्रश्न मुलाला विचारू द्या.

‘झोपले’ म्हटलं की काही मुलं रात्री डोळे मिटायला घाबरतात. ‘देवानं नेलं’ म्हटलं की मलाही नेईल का, ही धास्ती. नुसतं ‘आजारी होते’ म्हटलं तर स्वतःची सर्दीही जीवघेणी वाटू लागते. म्हणून ‘फार मोठा आजार, तुझ्या तापासारखा नाही’ हे जोडावं.

सगळ्यात अवघड प्रश्न मूल विचारतच नाही. ‘मी रागावलो होतो, म्हणून झालं का?’ या वयात मनात आणलं की घडतं, असंच वाटतं. त्यामुळे न विचारताही सांगा, “तू काही बोललास, रागावलास, म्हणून हे झालं नाही.” आणि “तू पण मरशील?” याला “कधीच नाही” असं उत्तर देऊ नका. “मी धडधाकट आहे, अजून खूप वर्षं जगेन असं मला वाटतं. मला काही झालंच, तर मावशी तुला सांभाळेल.” (मावशीला आधी विचारून ठेवलेलं बरं.)

लहान मुलांचं दुःख सलग नसतं. दोन मिनिटं रडू, मग खेळ, आणि रात्री दात घासताना तोच प्रश्न. दहाव्यांदाही उत्तर तेच द्यायचं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत येतं, मूल पदर सोडत नाही. रागावल्यानं ते लांबतं. जेवणाझोपेच्या वेळा मात्र पाळा, नियमही सगळे सैल करू नका. बाहुली ‘मेली’ असा खेळ मांडला तर मोडू नका.

अंत्यविधीला न्यायचं, तर तिथे काय दिसेल, कोण रडेल, हे आधी सांगा. यायचं की नाही, हे मुलाला ठरवू द्या. सोबत असा एक माणूस द्या, जो मध्येच त्याला घेऊन बाहेर पडू शकेल. घरात वापरलेले शब्द शाळेतल्या बाईंनाही कळवा.

“मलाही आजोबांकडे जायचंय” हे बहुतेकदा आठवणीचं बोलणं असतं. तरी शांतपणे विचारा, “तिथे जाऊन काय करायचंय?” मरण्याची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खेळ पूर्ण सुटला, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

(दृश्य: काही आठवड्यांनी. तेच ठोकळे.)

“आजोबांना आता भूक लागत नाही ना?”

“नाही लागत.”

“आणि थंडी?”

“थंडीपण नाही.”

मूल वरचा ठोकळा ठेवतं.