हशा कुठून आला?

(पडद्यावर: काळं-पांढरं चित्र. सरकता पट्टा, त्यावर ओळीनं चॉकलेटं. मागे पांढऱ्या टोप्या घातलेल्या दोन बायका.)

निवेदन:
दोघींना काम सोपं दिलंय. पट्ट्यावरून चॉकलेट आलं की कागदात गुंडाळायचं आणि परत पट्ट्यावर ठेवायचं. एक जरी उघडं पुढे गेलं तर नोकरी गेली. सुरुवातीला सगळं झकास चालतं. मग पट्ट्याचा वेग वाढतो. हात पुरेनात, तशी चॉकलेटं तोंडात कोंबली जातात, टोपीत जातात, पोलक्यात जातात. तेवढ्यात मुकादमीण येते. बघते तर पट्टा स्वच्छ, उघडं चॉकलेट एकही नाही. बाई खूश होते आणि आतल्या माणसाला ओरडून सांगते, ‘वेग वाढव!’

अमेरिकेतल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ या मालिकेचा हा भाग १५ सप्टेंबर १९५२ रोजी दाखवला गेला. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी लोक या प्रसंगाला हसतात.

आता या मालिकेवरचा एखादा माहितीपट डोळ्यांसमोर आणा. पट्टा सुरू झाला, तिसरं चॉकलेट आलं आणि चित्र कापलं. खुर्चीत बसलेले एक गृहस्थ म्हणतात, ‘ती विलक्षण होती हो!’ पुन्हा दोन चॉकलेटं, पुन्हा खुर्ची. दुसरे गृहस्थ म्हणतात, ‘तसं आता होणे नाही.’

घरात बसलेला प्रेक्षक इथं वैतागतो. त्याला गंमत बघायची असते आणि हातात पडतं प्रशस्तिपत्रक.

(पडद्यावर: रिकामी खुर्ची, दिवे, मागे पुस्तकांचं कपाट.)

निवेदन:
खुर्च्या एवढ्या का दिसतात, याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. जुन्या मालिकेचा तुकडा वापरायचा तर हक्कदाराला पैसे मोजावे लागतात आणि तुकडा लांबला की बिलही लांबतं. खुर्चीतला माणूस त्या मानानं स्वस्त पडतो. हे सगळं मान्य. पण विनोद तुकड्यांत बघता येत नाही. आधीची शांतता, मग अडचण, मग तिची वाढ आणि शेवटी मुकादमीण, हे एका दमात पाहिलं तरच हसू येतं. तेव्हा दहा तुकड्यांचे पैसे एकाच प्रसंगावर खर्च करा आणि तो अख्खा दाखवा, ही प्रेक्षकाची पहिली मागणी. दुसरी जरा अवघड आहे. हे झालं कसं, ते सांगा.

(पडद्यावर: स्टुडिओची जुनी छायाचित्रं. तीन कॅमेरे, समोर पायऱ्यांवर बसलेले प्रेक्षक.)

निवेदन:
१९५१ साल. सीबीएस वाहिनी आणि सिगारेट विकणारी प्रायोजक कंपनी यांचा आग्रह होता की कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हावा, कारण तेव्हाची रीतच तशी होती. देशाच्या दुसऱ्या टोकाला मग त्याची नक्कल दाखवत. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून उतरवलेली, धूसर, पाणी फिरल्यासारखी नक्कल. ल्यूसीचं काम करणारी ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी सुचवलं की आपण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रीकरण करू, म्हणजे सगळीकडे सारखंच स्वच्छ चित्र जाईल. खर्च वाढत होता. तो भरून काढायला दोघांनी आपलं मानधन कमी करून घेतलं, मात्र बदल्यात एक अट घातली. या फिल्मची मालकी आमच्या कंपनीकडे, म्हणजे देसिलूकडे राहील.

एकदा दाखवून झालेल्या विनोदी कार्यक्रमाला पुन्हा कोण विचारणार, असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. पुढे त्याच फिल्मच्या जोरावर पुनःप्रसारणाचा धंदा उभा राहिला आणि तेच हक्क विकत घ्यायला सीबीएसला थैली सैल करावी लागली.

पण माझा जीव अडकतो तो कॅमेऱ्यामागच्या माणसात. त्याचं नाव कार्ल फ्रॉइंड. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचं छायाचित्रण ज्यांनी केलं, त्यांच्यातला हा एक. अंधार आणि सावल्यांचा उस्ताद. त्याला इथं नेमकं उलटं काम मिळालं. सावलीच नको! तीन कॅमेरे एकाच वेळी चालू. एक लांबून सगळी खोली टिपतोय, दोन जवळून चेहरे. समोर जिवंत प्रेक्षक बसलेले, त्यामुळे ‘थांबा, दिवा हलवतो’ म्हणायची सोय नाही. फ्रॉइंडनं बरेचसे दिवे वर टांगले आणि सगळ्या सेटवर सारखा उजेड पाडला. नट कुठंही धावला, कुठंही आपटला, तरी तिन्ही कॅमेऱ्यांत नीट दिसणार.

ल्यूसीची पळापळ आपल्याला सहज वाटते ती यामुळे. बाई मोकळी होती, कारण उजेडाचं गणित आधीच सुटलेलं होतं. अशी एक गोष्ट कळली की ओळखीचा प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो. खुर्चीतल्या दहा कौतुकांनी तसं काही होत नाही.

(पडद्यावर: चॉकलेटच्या प्रसंगाचा आधीचा भाग. ल्यूसी एका गंभीर कामगार बाईशेजारी उभी राहून चॉकलेट बुडवते आहे.)

निवेदन:
याच भागात ल्यूसीशेजारी जी बाई निर्विकारपणे चॉकलेटं बुडवताना दिसते, ती खरोखरच चॉकलेट कारखान्यात काम करणारी होती. तिला अभिनय येत नव्हता आणि तो करायचाही नव्हता. प्रसंगात तिनं ल्यूसीला थप्पड मारायची होती. चित्रीकरणाच्या वेळी ती सणसणीत बसली. ल्यूसिल बॉल पुढे हा किस्सा स्वतःच सांगायची. एकदा हे कळल्यावर तो प्रसंग पाहा. ल्यूसीच्या चेहऱ्यावरचा धक्का निम्मा खरा आहे.

आणि कान देऊन ऐका. ल्यूसिलची आई, डीडी बॉल, चित्रीकरणाला प्रेक्षकांत बसायची. लेक नव्या घोटाळ्यात पाय टाकते आहे असं दिसलं की तिच्या तोंडून ‘अं-ओऽ’ असा काळजीचा सूर निघायचा. तो ध्वनिपट्टीवर उतरलाय. माहितीपट करणाऱ्यानं एवढंच करावं, आपलं बोलणं थांबवून तो सूर ऐकवावा.

(पडद्यावर: हशाचे ध्वनितरंग.)

निवेदन:
सगळाच हशा असा अस्सल नव्हता. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं एक पेटी बनवली होती. कळा दाबायच्या, की साठवलेलं हसू बाहेर. कुठं खुदकन, कुठं खो-खो, हवं तसं. अनेक मालिकांचा हशा या पेटीतून आला. ‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची मालिका. तिच्या निर्मात्यांना हा हशा नको होता आणि वाहिनीला हवा होता. शेवटी तोड निघाली की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तर ती हशाशिवायच दाखवली. एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी शेजारी शेजारी दाखवला, तर निवेदकाला तोंड उघडायची गरजच पडणार नाही.

(पडद्यावर: चार मुख्य कलाकारांचं छायाचित्र.)

निवेदन:
भांडणांचं काय? प्रेक्षकाला ती हवी असतात, उगाच साळसूदपणा कशाला! ल्यूसीच्या शेजारणीचं काम करणारी व्हिव्हियन व्हान्स आणि तिचा पडद्यावरचा नवरा विल्यम फ्रॉली यांचं मुळीच पटत नसे. तो तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा. आपल्याला याची बायको म्हणून उभं केलं, हे तिला डाचत होतं. ही माहिती नुसती चघळली तर चावडीवरची कुचाळकी होते. पण पडद्यावर ही दोघं एकमेकांना टोमणे मारतात, त्या टोमण्यांना धार कुठून आली ते दाखवलं तर काम होतं. इंग्लंडच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या विनोदी मालिकेचंही तसंच. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या नवरा-बायकोनं ती लिहिली. भाग फक्त बारा, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये. मधल्या काळात दोघांचा घटस्फोट झाला, तरी पुढचे भाग दोघांनी मिळूनच लिहिले. इथं प्रेक्षकाला घटस्फोटाचं कारण नको असतं. एका टेबलाशी बसून ती दोघं पुन्हा विनोद कसा लिहीत होती, ते त्याला जाणून घ्यायचं असतं.

ल्यूसीच्या गरोदरपणाची गोष्टही अशीच. ल्यूसिल खरोखर गरोदर होती आणि तेच कथेत घेतलं. पण ‘गरोदर’ हा शब्द वाहिनीला अशिष्ट वाटला, म्हणून आडवळणानं बोलायचं ठरलं. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी यांच्या नजरेखालून जायची. १९ जानेवारी १९५३ ला ल्यूसीला मुलगा झाल्याचा भाग लागला आणि त्याच दिवशी ल्यूसिल बॉलला खरोखरच मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणार होते. त्या सोहळ्यापेक्षा जास्त लोकांनी हा भाग पाहिला.

२०२२ मध्ये अमेरिकन विनोदी अभिनेत्री एमी पोलर यांनी ल्यूसिल आणि देसी यांच्यावर माहितीपट केला. दोघं कधीच गेलेली, पण मुलीनं जपून ठेवलेल्या ध्वनिफिती होत्या, त्यामुळे आपली गोष्ट ती दोघं बरीचशी आपल्याच आवाजात सांगतात. खुर्च्या तिथंही आहेत. पण तो घरगुती आवाज सुरू झाला की खुर्ची विसरायला होते.

(पडद्यावर: टेपांची रिकामी कपाटं.)

निवेदन:
सगळ्यांचं नशीब असं नसतं. व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून जुना कार्यक्रम पुसून तीच पुन्हा वापरायची पद्धत बीबीसीतही होती. तिच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या ऐंशी भागांपैकी तीन आजही सापडलेले नाहीत. २०१९ मध्ये ते नवे नट घेऊन पुन्हा चित्रित केले गेले. ल्यूसीचा पहिला, कधीच न दाखवलेला प्रायोगिक भाग तर जवळजवळ चाळीस वर्षं बेपत्ता होता. त्यात काम केलेल्या पेपितो नावाच्या विदूषकाच्या विधवेकडे त्याची प्रत निघाली आणि १९९० मध्ये तो लोकांनी पाहिला. असा शोध म्हणजे माहितीपटाला आयतं कथानकच.

(पडद्यावर: वरळी, दूरदर्शनचा मनोरा.)

निवेदन:
आता आपल्याकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याच दशकात ‘चिमणराव’ आले. कथा चि. वि. जोशींच्या, चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. रंग नव्हते, वाहिनी एकच. मग १९८४ ला ‘ये जो है जिंदगी’. लेखन शरद जोशींचं आणि दिग्दर्शकांत कुंदन शाह. त्यात सतीश शाह दर आठवड्याला नव्या माणसाच्या रूपात यायचे. १९८८ ची ‘वागळे की दुनिया’ आर. के. लक्ष्मण यांच्या डोक्यातून निघालेली, निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची, दिग्दर्शक पुन्हा कुंदन शाह.

यांच्याबद्दल बोलायला बसलं की आपण हमखास ‘काय दिवस होते’वर घसरतो. रस्ते ओस पडायचे, शेजारचे टीव्ही बघायला यायचे, वगैरे. ते ऐकून झालंय. मला वेगळंच विचारायचंय. सतीश शाहांचं या आठवड्याचं सोंग कोण ठरवायचं? आधी मिशी ठरायची की आधी माणूस? शरद जोशींचा कागद सेटवर किती आधी पोचायचा? अंजन श्रीवास्तव कोलकात्याहून आलेले, बँकेत नोकरी करणारे. त्यांचा वागळे इतका आपल्यातला कसा वाटला? बँकेच्या काउंटरवरून त्यांनी काय उचललं, आणि मिसेस वागळे झालेल्या भारती आचरेकरांकडून, म्हणजे माणिक वर्मांच्या लेकीकडून, काय? आणि चिमणरावांची ती भेदरलेली चाल. ती तालमीत सापडली की थेट स्टुडिओत?

याची उत्तरं फक्त नटांकडे असतील असं नाही. कॅमेरा चालवणारा, दिवे लावणारा, रंगभूषाकार, संकलनाला बसलेला माणूस, संहितेच्या प्रती काढणारा कारकून, यांना कुणी खुर्चीत बसवत नाही. खरं तर आधी त्यांनाच बसवायला हवं. आणि हातात जुनी संहिता द्यायला हवी, कारण नुसतं ‘काही आठवतं का?’ विचारलं की माणूस ठरलेलं बोलतो. पानावरची पेन्सिलची खूण दिसली की म्हणतो, ‘अरे, हे वाक्य त्या दिवशी आम्ही काढून टाकलं होतं.’ मग का काढलं, ते सांगायला लागतो.