एक गळा, दोन बँड

न्यूयॉर्क, 2001. ईस्ट व्हिलेजमधला तळघरातला स्टुडिओ. ज्युलियन कॅसाब्लांकस गातोय, पण आवाज बाहेर पडतोय तो सरावाच्या एका छोट्या गिटार अ‍ॅम्पमधून. म्हणून तो असा खरखरीत, जुन्या फोनवरून आल्यासारखा. तो गायक असलेल्या द स्ट्रोक्स या रॉक बँडचा पहिला अल्बम, ‘इज धिस इट’, या आवाजासकट गाजला.

वाजवणारे पाच. गाणी मात्र सगळी एकट्या ज्युलियनची. पुढची भानगड इथूनच सुरू होते.

2006 साली तिसरा अल्बम आला आणि मग बँड थंडावला. गिटारवाला अल्बर्ट हॅमंड ज्युनियर, ड्रमर फॅब्रिझियो मोरेट्टी, बेसवरचा निकोलाय फ्रेचर, तिघांनीही आपापलं काही ना काही काढलं. ज्युलियन त्यांच्यानंतर निघाला. 2009 चा ‘फ्रेझेस फॉर द यंग’: आठच गाणी, आणि सिंथेसायझरची चैन.

मग 2011 चा ‘अँगल्स’. बाकीचे चौघे शहराबाहेर, अल्बर्टच्या घरच्या स्टुडिओत. ज्युलियन तिथे नाहीच! त्याचं गाणं वेगळीकडे रेकॉर्ड होतंय आणि सूचना येतायत ईमेलवर. आपण बाजूला राहिलो तर इतरांना वाव मिळेल, हा त्याचा हिशेब. दुसरा गिटारवाला निक व्हॅलेन्सी मात्र इतका वैतागला की त्याने मुलाखतीत ते उघड बोलून दाखवलं. खरं सांगायचं तर ज्युलियनच्या सोलो अल्बमने बँडचं काही बिघडवलं नव्हतं. पाचांचं काम करताना तो एकटा बसला, तेव्हा बिनसलं.

2013 चा पाचवा अल्बम आला तो मुलाखतींविना, दौऱ्याविना. आरसीए कंपनीशी झालेला करार तेवढ्यावर पुरा झाला.

आता गंमत बघा. 2014. स्ट्रँड हे न्यूयॉर्कचं नावाजलेलं पुस्तकांचं दुकान. त्याच्या वरच्या मजल्यावर ज्युलियन ‘टिरनी’ रेकॉर्ड करतो आणि ‘कल्ट’ या स्वतःच्याच लेबलवर काढतो. त्यातलं ‘ह्यूमन सॅडनेस’ हे एकच गाणं जवळपास 11 मिनिटांचं. ‘इज धिस इट’ची 11 गाणी मिळून 37 मिनिटंही भरत नाहीत! अल्बमवर नाव होतं ‘ज्युलियन कॅसाब्लांकस प्लस द व्हॉइड्ज’. 2018 च्या पुढच्या अल्बमवर उरलं नुसतं ‘द व्हॉइड्ज’. म्हणजे एकट्याने काही करायला निघालेला माणूस पुन्हा बँड जमवून बसला.

स्ट्रोक्सना याचा फायदाच झाला, असं मला वाटतं. डोक्यातलं सगळं वेडंवाकडं जिरवायला दुसरी जागा असल्यावर इथे सुटसुटीत चाली करायला तो मोकळा झाला. निर्माता रिक रुबिनच्या हाताखाली झालेला ‘द न्यू अ‍ॅबनॉर्मल’ 2020 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेला. बँडचं हे पहिलंच ग्रॅमी.

मोठमोठे फेस्टिव्हल आजही बोलावतात ते स्ट्रोक्सना. व्हॉइड्जचे कार्यक्रम त्यामानाने लहान हॉलमधले. तरी 2024 मध्ये ज्युलियनने नवा अल्बम आणला, तो व्हॉइड्जचाच.