'आढळले नाही' या दोन शब्दांविषयी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आजचा जाहीर विषय 'लष्करी तळांजवळील दूषित पाणी आणि त्यावरील उपाय' असा आहे. परंतु उपायांकडे वळण्यापूर्वी पाणी तपासणीच्या अहवालांतील 'आढळले नाही' या दोन शब्दांविषयीचे माझे जुने गाऱ्हाणे मी मांडणार आहे. ज्यांनी ते पूर्वी ऐकले आहे त्यांनी खुशाल डुलकी काढावी.

काही वर्षांपूर्वी मी एका विहिरीच्या पाण्याचा नमुना एका प्रयोगशाळेत दिला होता. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'आढळले नाही' असे छापलेले होते. "किती असते तर आढळले असते?" असे मी खिडकीवरच्या गृहस्थांना विचारले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि "साहेब, नाही म्हणजे नाही" असे सांगितले. तिसऱ्या खेपेस एका रसायनतज्ज्ञाने कपाटातून नोंदवही काढून दाखविली, तेव्हा उलगडा झाला. एका धातूच्या बाबतीत त्यांचे यंत्र ज्या प्रमाणाखाली काही ओळखूच शकत नव्हते, ते प्रमाण कायद्याने ठरविलेल्या मर्यादेहून मोठे होते. अहवालात खोटे काहीच नव्हते, आणि कामाचेही काही नव्हते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. इतक्या निगुतीने मी माझी पदवीही ठेवलेली नाही.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातला पीज हवाई तळ १९९१ मध्ये बंद झाला आणि तेथे कार्यालये, कारखाने, पाळणाघरेही आली. तेथील पाण्याकडे कोणाचे लक्ष नव्हते असे म्हणता येत नाही, कारण यंत्रांचे भाग धुण्याचे ट्रायक्लोरोइथिलीन तेथे १९७७ मध्येच सापडले होते. मात्र आग विझविण्याच्या फेसातील पीएफओएस हे संयुग नेहमीच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. इंधन पाण्यावर तरंगते, म्हणून इंधनाच्या आगीवर नुसते पाणी निरुपयोगी ठरते. हा फेस इंधनावर पातळ थर पसरून हवा तोडतो. सरावांच्या वेळी तो जमिनीवर ओतला जाई आणि हळूहळू भूजलात झिरपे. त्यातील कार्बन-फ्लुओरिन बंध इतका चिवट असतो की जमिनीतील जंतूंना तो सहसा तुटत नाही, आणि पीएफओएसचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायलाही काही वर्षे लागतात. मे २०१४ मध्ये 'हेवन' या विहिरीत लिटरमागे सुमारे २,५०० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) पीएफओएस निघाले. त्या वेळी सरकारने केवळ सल्ला म्हणून दिलेली मर्यादा २०० होती. विहीर बंद करण्यात आली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उपाय धावतच सांगतो. उकळून पीएफओएससारखी संयुगे जात नाहीत, उलट पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण वाढते; क्लोरीनचाही उपयोग होत नाही. सक्रिय कोळसा, आयन-विनिमय रेझिन (विद्युतभारित कण धरून ठेवणारे बारीक मणी) आणि रिव्हर्स ऑस्मोसिस यांनी ती वेगळी होतात, नष्ट होत नाहीत. संपृक्त झालेल्या कोळशाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. अशा शुद्धीकरणानंतर हेवन विहीर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

मर्यादेविषयी एवढेच सांगतो की २०१६ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने ती ७० नॅनोग्रॅमवर आणली आणि २०२४ मध्ये ४ वर. आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे उद्दिष्ट शून्य आहे. ४ हा आकडा आला, कारण त्याखाली प्रयोगशाळांना खात्रीने मोजता येत नाही.